चाकांवरचे घर आणि त्याचे मुखपत्र



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे अडकवून नेण्याचे चाकांवरचे घर. अशी घरे बाळगणाऱ्यांचा विलायतेत क्लब आहे, त्या क्लबाचे मासिक आहे, आणि त्या मासिकात काय असावे यावर सभासद वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत. याचे आपल्याला काय सोयरसुतक, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच की, या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी कोणत्या ना कोणत्या संस्थेचे मुखपत्र येत असते. सहकारी बँकेचे येते, ज्ञातिसंस्थेचे येते, ग्रंथालयाचे येते, निवृत्तांच्या संघाचे येते. त्यातले किती आपण वाचतो आणि किती पाकिटासकट रद्दीत जातात, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. सभासदाला आपल्या संस्थेच्या मासिकाकडून खरोखर काय हवे असते, हा प्रश्न सर्वत्र एकच आहे. पण तो जितका उघड्यावर या कॅरॅव्हॅनवाल्यांच्या क्लबात दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही, म्हणून आम्ही तो तेथे जाऊन पाहावयाचे ठरविले.

या छंदाचे मूळपुरुष म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव घेतात. हे गृहस्थ ब्रिटिश नौदलातले निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका गाडीकारखान्याकडून दोन घोड्यांनी ओढण्याची महोगनी लाकडाची गाडी बांधून घेतली, तिचे नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी, असे ठेवले, आणि दक्षिण इंग्लंडातून निघून ते थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. बरोबर गाडीवान, चाकर, एक मोठा कुत्रा आणि एक काकाकुवा. चाकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढे जाई आणि रस्ता मोकळा आहे की नाही ते पाही. या तेराशे मैलांच्या प्रवासाचे पुस्तक १८८६ साली निघाले. पुढे १९०७ साली जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकाराने कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला तेव्हा डॉ. स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. घोडे, गाडीवान आणि चाकर पदरी बाळगून भटकावयाचे, म्हणजे ही सुखवस्तू माणसांची हौस होती हे सांगावयास नको. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीने ओढण्याची कॅरॅव्हॅन काढली, दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली, आणि मग शाळामास्तर, पोस्टातले कारकून, कारखान्यातले फिटर असे लोक मुलाबाळांसह या घरांत राहू लागले. आज आपल्या छत्राखाली दहा लाखांवर माणसे आहेत असे हा क्लब सांगतो. २०१७ साली त्याने आपले नाव बदलून ‘कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब’ असे केले. त्या नावबदलाकडे आम्हाला पुन्हा यावयाचे आहे.

आता छंदाला क्लब कशासाठी लागतो? गाडी स्वतःची, मोटार स्वतःची, रस्ता सरकारचा. मग वर्गणी कशाची? येथे एक कायद्याची गोष्ट आहे आणि ती समजल्याखेरीज पुढचे काहीच समजणार नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली झालेल्या कायद्याने असे ठरविले की, ज्याला आपल्या जमिनीवर कॅरॅव्हॅन उतरवून घ्यावयाच्या असतील त्याने स्थानिक कौन्सिलचा परवाना घेतला पाहिजे. मात्र मान्यता मिळालेल्या क्लबांना एक सवलत देण्यात आली. अशा क्लबाने प्रमाणपत्र दिले की एखादा शेतकरी परवान्याची यातायात न करता आपल्या शेताच्या कडेला एका वेळी पाचपर्यंत गाड्या उतरवून घेऊ शकतो. उतरणारे मात्र त्या क्लबाचे सभासद असले पाहिजेत. या क्लबाच्या प्रमाणपत्रावर चालणाऱ्या अशा दोन हजारांवर जागा आहेत. तेथे पाण्याचा एक नळ, संडासाची पेटी रिकामी करण्याची सोय, बाकी गवत आणि कुंपणापलीकडे मेंढ्या. दुकान नाही, करमणूक नाही, बहुधा दिवाही नाही. पण ज्याला एकदा त्या गवताची चटक लागली तो मोठ्या गजबजलेल्या तळावर पुन्हा पाऊल टाकावयास राजी नसतो. सांगावयाचे ते हे की, क्लबाचा सभासद हा नुसता गिऱ्हाईक नाही. सभासद आहे म्हणून त्याला ते गवत मिळते, आणि सभासद आहेत म्हणून तो शेतकरी ते राखतो. हे नाते हॉटेल आणि प्रवासी यांच्या नात्याहून निराळे आहे. आणि मुखपत्राविषयीच्या साऱ्या तक्रारींचे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे. सभासद स्वतःला घरचा माणूस समजतो आणि अंक उघडला की त्याच्याशी गिऱ्हाइकासारखे बोलले जाते.

असे का होते? बाजारातल्या मासिकाचा संपादक दर महिन्याला परीक्षेला बसतो. अंक आवडला नाही तर माणूस तो विकत घेत नाही आणि पुढच्या महिन्याच्या हिशेबात संपादकाला ते कळते. क्लबाचे मासिक कोणी विकत घेतच नाही. ते वर्गणीच्या पोटी आपोआप दारात येऊन पडते. नापसंती दाखवावयाची तर सभासदाला क्लब सोडावा लागेल, म्हणजे गवतही सोडावे लागेल. तो ते करीत नाही. तो अंक न वाचता बाजूला ठेवतो, आणि संपादकाच्या दप्तरात मात्र खप होता तेवढाच राहतो. जाहिरातदारांना दाखविण्यास हा आकडा फार उपयोगी. वाचक समजून घेण्यास अगदी कुचकामी. त्यात हा क्लब काही आता वर्गणी गोळा करून वार्षिक सभा भरविणारा नुसता संघ राहिलेला नाही. तो स्वतःचे तळ चालवितो, कॅरॅव्हॅनचा विमा मिळवून देतो, खाडीपलीकडे नेणाऱ्या बोटीची तिकिटे काढून देतो, परदेशचे प्रवास आखतो. ज्याच्यापाशी विकावयास इतके आहे त्याच्या मासिकाला दुकानाच्या खिडकीची कळा येऊ लागते. चकचकीत कागद, निळ्या सरोवराकाठी उभी असलेली पांढरी शुभ्र गाडी, तिच्यापुढे हातात पेला घेतलेले हसतमुख जोडपे. चिखल कोठेच नाही. आणि पुढच्या पानावर विम्याचे पत्रक.

सभासदाला जे हवे ते याहून पुष्कळ खरबरीत आहे. त्याला हवे आहे शेजारच्या गाडीतला जुना जाणता माणूस संध्याकाळी येऊन जे सांगतो ते. वजनाचीच गोष्ट घ्या. नवशिक्याने ओढावयाची भरलेली कॅरॅव्हॅन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या शेकडा ८५ हून अधिक नसावी, असा तेथे दंडक आहे. मोटार १५०० किलोची असेल तर भरलेली गाडी १२७५ किलोच्या आत हवी. तो काही कायदा नव्हे. अनुभवाने ठरविलेली मर्यादा. पुन्हा भरलेल्या सामानाची मांडणी महत्त्वाची. गाडी जेथे मोटारीला अडकवितात त्या आकड्यावर तिच्या वजनाच्या शेकडा ५ ते ७ इतका भार यावा. १३०० किलोची गाडी असेल तर ६५ ते ९१ किलो. मोटारीच्या उत्पादकाने याहून कमी मर्यादा घातली असेल तर अर्थातच ती पाळावयाची. भार कमी पडला, म्हणजे जड सामान मागच्या भागात कोंबले, तर वेगात असताना गाडी सापासारखी वळवळू लागते. वळवळ एकदा वाढली की ती मोटारीलाही बरोबर घेऊन आडवी होते. तीच गाडी, तेच सामान, पण पाण्याचा पिंप आणि डबाबंद खाद्ये मागून काढून चाकांच्या वर ठेवली की प्रवास सुरळीत. हे सांगावयास अर्धे पान पुरते. सरोवराच्या चित्राला दोन पाने लागतात.

किंवा गॅसचे घ्या. आपल्या घरच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते, त्यामुळे आपल्याला हा विचार करावा लागत नाही. तेथे दोन्ही निरनिराळ्या टाक्यांतून मिळतात. ब्युटेनची वाफ होणे शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ थांबते. प्रोपेनची उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते. ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या डोंगरात पहाटे चहा टाकावयास उठलेल्या म्हाताऱ्या जोडप्याची शेगडी पेटत नाही. टाकी हलवून पाहावी तर आत गॅस डुचमळतो आहे. ती बिघडलेली नाही, ती नुसती ब्युटेनची आहे! थंडी लागली म्हणून मग कोणी विझत आलेली कोळशाची शेगडी गाडीला लागून बांधलेल्या तंबूत ओढून घेतो आणि निजतो. अशा शेगडीच्या विषारी वायूने झोपेतच माणसे दगावलेली आहेत. हा मजकूर मासिकाने दर वर्षी थंडीच्या तोंडावर पुन्हा छापला तर जुने सभासद कंटाळतील हे खरे, पण क्लबात दर वर्षी नवे सभासद येतात आणि ते पहिल्यांदाच वाचीत असतात. पुनरुक्तीला भिणारा संपादक या कामाला योग्य नव्हे.

टायरचेही असेच. मोटारीचे टायर झिजतात म्हणून बदलतात. कॅरॅव्हॅन वर्षातले बरेच महिने एका जागी उभी असते. तिच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूची भिंत मात्र उन्हाने, उभ्या भाराने आतून चिरत जाते. म्हणून नक्षी कितीही कोरी असली तरी पाच वर्षांनी टायर बदलावेत, सात वर्षांच्या पुढे तर वापरूच नयेत, असा सल्ला तेथे देतात. डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याच्या उलट असा हा सल्ला असल्यामुळे तो कोणीतरी विश्वासाच्या माणसानेच सांगावा लागतो. टायर विकणाऱ्याने सांगितला तर कोण ऐकणार?

कायदे बदलतात तेही वेळच्या वेळी कळावे लागतात. १ जानेवारी १९९७ पासून मोटार चालविण्याची परीक्षा दिलेल्यांना जड कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी आणखी एक परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ती अट निघाली आणि साध्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतची गाडी ओढण्याची मुभा मिळाली. परीक्षा गेली, पण गाडी मागे घेताना स्टीअरिंग उलट फिरवावे लागते हे शास्त्र काही रद्द झाले नाही. अशा वेळी मुखपत्राचे काम वाढते. नुसती बातमी छापून ते संपत नाही.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. नव्या गाड्यांचे परीक्षण. मासिकात दर महिन्याला एखाद्या नव्या कॅरॅव्हॅनची पारख छापून येते. परीक्षक गाडी घेऊन दोन-चार दिवस राहतो, पलंगाची लांबी मोजतो, कपाटे उघडून पाहतो, दिव्यांची तारीफ करतो. परीक्षक अप्रामाणिक असतो असे आम्हाला मुळीच म्हणावयाचे नाही. पण कॅरॅव्हॅनचा खरा शत्रू आहे ओल. भिंतींचे सांधे जेथे जुळतात तेथली लुकण वाळते, पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत शिरते, आणि आतला लाकडी सांगाडा, असेल तर, कुजू लागतो. बाहेरून काही दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात कपाटामागे बोट लावले की भिंत मऊ लागते. कोऱ्या गाडीत चार दिवस राहून हे कोणत्या परीक्षकाला कळणार? ते ठाऊक असते फक्त ज्याने ती चार वर्षे वापरली त्याला, आणि तो माणूस क्लबाच्या यादीतच असतो. म्हणून सभासद मागतात ते असे की, नव्या गाडीची तारीफ हवी तर छापा, पण त्याच पानावर चार वर्षांपूर्वी ज्या गाडीची तारीफ छापली होती तिचे आज काय झाले, ते तिच्या मालकांना विचारून छापा. मागणी साधी आहे. अडचण एवढीच की, त्या गाडीच्या कारखानदाराची रंगीत जाहिरात बहुधा त्याच अंकात असते. लोकांनी आयुष्यभराची पुंजी, हजारो पौंड, या घरांत घातलेली असते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम एका सांध्यातून गळून जाते. अशा वेळी आपल्या मासिकाला हे ठाऊक होते आणि ते बोलले नाही, असे सभासदाला वाटले तर त्याला विश्वासघाताखेरीज दुसरा शब्द सुचत नाही. जाहिरातीवाचून मासिक चालत नाही हेही आम्ही जाणतो. पण ज्या मासिकाचा बराच खर्च वर्गणीतून निघतो त्याने बाजारातल्या मासिकाइतकेच भित्रे राहावे, याला काही कारण दिसत नाही.

प्रवासवर्णनांविषयी सभासदांचे म्हणणे थोडक्यात असे: सूर्यास्त आम्हालाही दिसतो. तळाकडे जाणारी गल्ली किती अरुंद आहे, शेवटच्या वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तर मागे कोठवर यावे लागते, पाऊस झाल्यावर गवतातून गाडी निघते की शेतकऱ्याला ओढावी लागते, दारूगुत्ता पायी गाठण्याजोगा आहे काय, एवढे सांगा. (आपल्याकडील प्रवासवर्णनकारांनीही मुक्कामाच्या गावी पाणी किती वाजता येते हे लिहावयास हरकत नाही.) यातही एक गंमत आहे. पाच गाड्यांची एखादी सुरेख जागा ज्याला सापडली तो तिच्याविषयी लिहावयास कचरतो. लिहिले तर पुढच्या उन्हाळ्यात त्याला स्वतःलाच तेथे जागा मिळणार नाही. न लिहिले तर शेतकऱ्याकडे माणसे येणार नाहीत, तो कंटाळून प्रमाणपत्र परत करील, आणि जागा सगळ्यांचीच जाईल. हा पेच आजवर कोणी सोडविलेला नाही. सभासद बहुधा अशी तोड काढतात की जागेची स्तुती करावयाची आणि गल्ली जरा जास्तच अरुंद म्हणून सांगावयाची.

आणि पत्रे. जाणते वाचक हे मासिक पत्रांपासून उघडतात असे आम्हाला वाटते. कुत्रे मोकळे सोडावेत की बांधावेत. मुलांनी तळावर चेंडू खेळावा की नाही. चांगल्या जागा आगाऊ राखून ठेवून ऐन वेळी न येणाऱ्यांना दंड असावा काय. दुपारी बाराच्या आत पोहोचलेल्याला फाटकाबाहेर ताटकळत ठेवणे न्याय्य आहे काय. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. पण शेजारधर्माचा सारा कायदा असाच घडत असतो. २०१७ च्या नावबदलाच्या मुळाशीही असलीच एक फूट होती. गाडी ओढून नेणारे आणि मोटारीवरच घर बांधलेले, असे दोन पंथ क्लबात आहेत. ओढणारा म्हणतो, आमची पाने कमी झाली. मोटरहोमवाला म्हणतो, वर्गणी सारखीच देऊनही आकड्यांवरचे आणि वळवळीवरचे लेख आम्ही का वाचावेत? दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. संपादकाने त्यांचा वाद मिटविण्याच्या भरीस न पडता तो नीट छापावा.

अवघड जाते ते क्लबाविरुद्धचे पत्र छापणे. तळाचे भाडे वाढले, विम्याचा दावा रखडला, जुन्या तळावरची झाडे तोडून तेथे पक्के चौथरे घातले, अशा तक्रारी असतात. असे पत्र आले की कार्यालयाकडून त्याला खाजगी उत्तर जाते, सौजन्यपूर्ण असते, आणि अंकात मात्र तळावरच्या नव्या स्नानगृहांचा फोटो येतो. तक्रार करणाऱ्याला एका उत्तराने बरे वाटत असेल. पण तीच अडचण असलेल्या इतर हजारांना आपण एकटेच आहोत असे वाटत राहते. पत्र छापावे, त्याखाली कार्यकारी मंडळाचे उत्तर छापावे, आणि उत्तर नसेल तर तेही सांगावे. वार्षिक सभेला सगळेच काही जाऊ शकत नाहीत. कार्यकारी मंडळाला चारचौघांत प्रश्न विचारण्याची लांबच्या गावातल्या सभासदाची जागा म्हणजे ही दोन पाने. ती गेली तर वर्गणी आणि भाडे यांत काही फरक राहत नाही.

जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती, निरनिराळ्या प्रांतांतील मेळाव्यांच्या तारखा, शब्दकोडे हे सारे हवेच असते. त्याविषयी मतभेद नाहीत.

कागद ठेवावा की नाही यावर मात्र अलीकडे बरेच तापते. टपालखर्च वाढला, छपाई वाढली, तेव्हा अंक पडद्यावर वाचा असा आग्रह अनेक संस्था करू लागल्या आहेत. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर असेल. पण हा वाचक कोण आहे ते पाहा. त्यातले पुष्कळ निवृत्त आहेत. मेंढ्यांच्या शेतात पाऊस लागून राहिला आहे, फोनला रेंज नाही, पलंगावर पाय पसरून दुपार काढावयाची आहे. तेथे मागच्या वर्षीचा अंकही उपयोगी पडतो. टायरवरचा लेख काही शिळा होत नाही. पती गेल्यावर ओढणे जमत नाही म्हणून गाडी विकलेल्या कित्येक स्त्रिया केवळ मासिकासाठी वर्गणी भरीत राहत असतील, अशी आमची कल्पना आहे. त्यांना मेळाव्यांच्या याद्यांत ओळखीची नावे शोधावयाची असतात. त्यांच्यासाठी दोन पौंडांची काटकसर करावी की नाही हे क्लबाने ठरवावे. आम्ही करू नये असे म्हणू.

आपल्याकडे ही सारी चर्चा अगदीच परकी राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरविले. येथे बहुधा मोटारीवरच बांधलेली घरे धावणार आणि ती भाड्याने घेणारेच अधिक असणार. उद्या त्यांचा एखादा संघ निघाला, आणि संघ म्हटला की मुखपत्र निघणारच, तर पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर अध्यक्षांचे छायाचित्र, दुसऱ्यावर मंत्रिमहोदयांचा शुभसंदेश आणि तिसऱ्यावर उद्घाटन समारंभाचा वृत्तान्त येईल, ही आम्हाला भीती आहे. त्याऐवजी आषाढात आंबा घाटात उंच गाडी कोठे थांबवू नये, कोकणातल्या कोणत्या वाडीच्या वाटेवर फांद्या छपराला लागतात, पाण्याची टाकी कोण भरू देतो आणि सांडपाणी कोठे टाकावयाचे, एवढे त्यात आले तर आम्ही त्या मुखपत्राचे आनंदाने वर्गणीदार होऊ, गाडी नसली तरी. शेवटचे मेळ घालण्याचे काम, म्हणजे सांडपाण्याचे, आमच्या ग्रामपंचायती आणि तो संघ यांना मिळूनच करावे लागेल, आणि त्यावरची पत्रे वाचावयास आम्ही उत्सुक आहोत.

अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे. प्रश्न विचारणारांनी आपापल्या संस्थेच्या मुखपत्राचे नाव न घेता विचारावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.